वाट पाहत होते

रुद्रेशने बांगड्याचं पोट चिरलं, तेवढ्यात ओसरीवरून त्याच्या बायकोचं, सुविधाचं हसू ऐकू आलं. सुरी थबकली. कित्येक वर्षं बोटीवर आचारी म्हणून काढून तो गेल्या पावसाळ्यात गोव्यात, मोरजीला कायमचा परतला होता. हे हसू त्याने घरात अजून ऐकलं नव्हतं.

तो हात न धुताच दारात जाऊन उभा राहिला. ओसरीवर मारेक होता, भाड्याच्या खोलीतला पोलंडचा पाहुणा. थंडीत त्याच्या देशाचे पर्यटक येतात, म्हणून सुविधा त्याच्याकडून पोलिश शिकत होती.

"झाचेकावाम," ती म्हणाली.

"नाही," मारेक इंग्रजीत सांगू लागला. "तसं म्हटलं तर वाट पाहून झाली, माणूस आला. तू मला सांगितलंस ते तसं नाही ना? मग चेकावाम. वाट पाहत होते. पुढे काय झालं, ते हे क्रियापद सांगत नाही."

"चेकावाम," सुविधा हळू म्हणाली.

तू मला सांगितलंस ते. रुद्रेश आत वळला. दुपारी पाहुण्याच्या ताटात त्याने शेपटीकडे करपलेला बांगडा वाढला. मारेकने तो मिटक्या मारत खाल्ला, तेव्हा तर रुद्रेशचं डोकंच फिरलं.

मारेक समुद्रावर गेल्यावर सुविधा ताटं विसळायला बसली. रुद्रेश शेजारी उभा राहिला.

"कोणाची वाट बघी होतंस?"

"धडो तो."

"धड्यातलो माणूस खंयचो, ताच इचारतंय."

सुविधाने नळ बंद केला.

"तुझी."

रुद्रेशला एकदम हलकं वाटलं. तो मोठ्याने हसला.

"माजी? अगो, मगे तेका सांगूचा होता! मी काय इलंय नाय? दर वर्साक येय होतंय मा!"

"ताच सांगलंय मी तेका," सुविधा म्हणाली. "येय होतंस."

येत होतास; आलास, असं नव्हे. रुद्रेशचं हसू ओठांवरच राहिलं. ती पुन्हा ताट घासू लागली. तो तिच्याजवळ खाली बसला आणि त्याने एक ताट पुढे ओढलं.

"आणि इलंय, असा तेंच्या भाशेत कसा म्हंतत?"

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"प्शियेहावेम."

त्याने म्हणून पाहिलं. जीभ अर्ध्यातच अडखळली.

"परत म्हण," ती म्हणाली.