पाळण्यातला मोबाईल

श्रीशैलचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. डोळे अर्धे मिटलेले, हात वर गेलेला, आणि मांडीवरच्या बाळाच्या जागी नुसते चौकोन. महानंदा मोबाईलकडं बघत बसली. अर्ध्या मिनिटानं आवाज आला, "ऐकू येतंय का, अक्का?" तोंड मात्र तसंच. स्वप्नात माणसं ओठ न हलवता बोलतात ना, तसं भावाबहिणीचं बोलणं महिनाभर चाललं होतं.

पण आज चार वाजता ते चालणार नव्हतं. आज बारसं होतं. श्रीशैलची लेक नॉर्वेत जन्मली, आणि तिच्या कानात नाव सांगायचा मान सख्ख्या आत्याचा, म्हणजे सास्तूरच्या महानंदाचा. गल्लीतल्या बायका माजघरात जमणार, लाकडी पाळण्यात बाळाऐवजी मोबाईल ठेवून झोका देणार, आणि तिकडं श्रीशैल आपला फोन लेकीच्या कानाला लावणार. नाव तिनं कधीच ठरवलं होतं. उमा. तिच्या अव्वाचं, आईचं नाव. बत्तीस वर्षांत या घरात ते कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. ते त्या चौकोनांत अडकून पडलं तर काय करायचं, या विचारानं सकाळपासून ती दहादा मोबाईल उघडून बघत होती.

केबलवाला उत्तरेश्वर दहालाच येऊन बसला. याच गावचा, तिच्याच वयाचा. घरातले वायफायचे तीन पांढरे डबे त्यानंच बसवलेले. एक बैठकीत, वायर येते तिथं, एक मधल्या दारापाशी, एक माजघरात. पहिल्यानं दुसऱ्याच्या हातात नेट द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या, असा सगळा कारभार. त्यानं मोबाईलवर स्पीड मोजला. बैठकीत चौऱ्याण्णव. माजघरात तीन.

"लाईन ठणठणीत हाय," तो म्हणाला.

मग त्यानं डबे बंद करून चालू केले. वायर बदलली. कंपनीला फोन लावला, तर तिथल्या गोड आवाजाच्या बाईनं डबे बंद करून चालू करायला सांगितलं. "आता घरच बंद करून चालू करतो," उत्तरेश्वर पुटपुटला आणि नवा डबा मिळतो का बघायला तालुक्याला, लोहाऱ्याला निघून गेला.

दुपार झाली. टेबलफॅन घरघरत होता. पाळण्याला टेकल्या टेकल्या महानंदाचा डोळा लागला, आणि ती जुन्या घरात गेली. रुंद दगडमातीच्या भिंती, गारवा, वरच्या फळीवर पितळी भांडी ओळीनं लावलेली. अव्वा खाली उभी. अव्वा ठेंगणी होती, हे महानंदा विसरूनच गेली होती. "वरचा तांब्या काढ गं," अव्वा म्हणाली, "माझा हात पुरत न्हाय." महानंदानं हात वर केला. तांब्या गार होता. तो हातात आला, आणि बाकीची भांडी जागच्या जागी राहिली. एवढंच स्वप्न. जाग आली तरी हाताला तो गारवा होता.

फोन वाजत होता. ती बैठकीत जाऊन बोलू लागली, तिथं चित्र नीट यायचं.

"अक्का, कॅमेरा फिरव," श्रीशैल म्हणाला, "डबे कुठं ठेवलेत बघू दे."

तिनं दाखवलं. बैठकीतला फरशीवर. मधला फरशीवर, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीमागं. माजघरातला लोखंडी पलंगाखाली. परत बैठकीत आली तर श्रीशैल हलेना. चित्र अडकलं असं तिला वाटलं. पण त्याच्या मांडीवरचं बाळ पाय हलवत होतं.

"सगळे खाली ठेवलेत, अक्का."

"मग कुठं ठेवायचे?"

खरंच, कुठं ठेवणार? या घरात घड्याळ स्टुलावर, कॅलेंडर खुर्चीवर. छताला पंखा नाही. अव्वाचा फोटोसुद्धा माजघरात पाटावर. त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे भुई हलली, तेव्हा भिंतीआधी फळी आली, सगळ्या भांड्यांसकट, अव्वाच्या पाठीवर. अव्वा सात महिन्यांच्या श्रीशैलच्या पाळण्यावर वाकली होती. म्हणून तो वाचला. सोळा वर्षांची महानंदा अंगणात झोपलेली, म्हणून ती वाचली. त्यानंतर तिनं डोक्याच्या वर काही ठेवलं नाही. नवं घर सिमेंटचं, इंजिनियरनं नकाशा काढून बांधलेलं, पण तिच्या मनाला इंजिनियर काय सांगणार! उत्तरेश्वरनं डबे खाली ठेवले तेही कुणी न सांगता. त्याच्या घरी तसंच होतं. या गावात कुणी कुणाला ते विचारत नाही.

"डब्यांनी एकमेकाला बघायला पाहिजे गं," श्रीशैल हळू म्हणाला. "कोठीआडून कसे बघतील? मधला तेवढा भिंतीवर लावायचा. माणसाच्या डोक्याच्या वर."

"त्याच भिंतीला पाळणा हाय."

"व्हय. राहू दे, अक्का. तू बैठकीतूनच सांग नाव. पाळण्याचं राहू दे."

तिला राग आला. ज्याला वाढवलं तोच आता समजूत काढायला लागला. "पाळण्याबिगर बारसं? शहाणाच हाईस. आणि अव्वा माजघरात हाय."

तीन वाजता उत्तरेश्वर रिकाम्या हातानं परतला. तोंड पाडून दारात उभा राहिला.

"स्क्रू हाईत का?" तिनं विचारलं.

"हाईत."

"मग मार." तिनं बोट दाखवलं, पाळण्याच्या वर, मधल्या दाराच्या कडेला.

त्यानं भिंतीकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "दोन पुरतात, अक्का."

"चार मार."

त्यानं सहा मारले. मग डबा बसवायची पत्र्याची पट्टी दोन्ही हातांनी धरून आपलं सगळं वजन तिच्यावर टाकलं, वर तोंड करून, बराच वेळ. पट्टी हलली नाही. डबा चढला, दिवा हिरवा झाला. त्यानं पाळण्याशी वाकून स्पीड मोजला. "एकसष्ट," तो म्हणाला, आणि शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

चारला माजघर भरलं. मोबाईल दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला. बाळ दिसलं, पापण्यासुद्धा एकेक. बायका गाऊ लागल्या, पाळणा हलू लागला. महानंदानं एकदा वर बघितलं. डबा तिथंच होता. पळून अंगणात जावंसं वाटलं, ते तिनं गिळलं. तिकडं श्रीशैलनं फोन लेकीच्या कानाला लावला.

ती पाळण्यावर वाकली. पूर्ण वाकली, दोन्ही हात कडेला टेकून.

"उमा," ती म्हणाली.

आणि पाठीवर धपाधप बुक्के पडले. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत सगळ्यांनी बुक्के घालायचे, ही रीतच. पोरीबाळी, म्हाताऱ्या, सगळ्यांनी हसत हसत घातले. ती वाकलेलीच राहिली.

"ऐकलं तिनं, अक्का," फोन परत तोंडासमोर धरलेल्या श्रीशैलचा आवाज पाळण्यातून आला, ओठांबरोबर. "तुझ्याकडं वळली."

महानंदा रडत होती आणि हसतही होती. बुक्के अजून पडतच होते. वर बघायचं तिला आठवलंच नाही.