मागची घरं

त्यानं बायकोला हाताला धरून मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभं केलं. त्याची खेळण्यातली रेल्वे ती नेहमी तिथूनच बघायची. खेळणं म्हटलेलं मात्र त्याला खपत नसे.

तो कवळ्या बनवायचा. उभा जन्म लोकांच्या दातांचे साचे घासण्यात गेलेला, त्यामुळे सुताइतका फरकही त्याच्या बोटांना कळायचा. खोलीभर पसरलेल्या त्या टेबलावर रूळ, डबे, फलाट, फलाटावरची माणसं, सगळं खऱ्यापेक्षा बरोबर सत्त्याऐंशीपट लहान होतं. झाडंही त्यानं त्याच मापाची केली, तेव्हा ती उंबऱ्यातूनच म्हणाली होती, “मापात असतील हो, पण झाडांनी स्टेशन गिळलंय.”

ती फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची, फोटोतल्या चेहऱ्यांवरचे डाग-सुरकुत्या पुसायची. काय कसं दिसतं, हे तिला विचारावं. तो दोन दिवस फुगून बसला आणि मग मुकाट्यानं झाडं छाटली. पुढे डोंगर झाला, तेव्हा तिनं सांगितलं, वरची घरं मापापेक्षा बारीक करा, म्हणजे लांबची वाटतील. हे खोटं करणं झालं, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यावर ती हसली. “मग इतकी वर्षं मी स्टुडिओत काय करत होते?”

घरं व्हायच्या आधीच तिचे डोळे गेले. एकदम नाही. आधी समोरच्याचा चेहरा नाहीसा झाला, कान तेवढे दिसत. तुमच्या कपाळावरच्या आठ्या दिसत नाहीत, तेवढंच सुख, असं ती म्हणायची. मग कडेचंही धुरकट होत गेलं. डॉक्टरांनी यावर इलाज नाही म्हणून सांगितलं. तो मात्र घरं करत राहिला. रोज कामावरून आला की भिंग लावून बसायचा. ती विचारायची, झाली का? तो म्हणायचा, होतायत, तू बघून सांग.

आज घरं झाली होती. धूळ बसू नये म्हणून डोंगरावर जुनी चादर टाकलेली होती. दिवा लावायला तो बटणाकडे वळला, तोच ती म्हणाली, “छान दिसतंय. आता डोंगर लांब गेला.”

त्याचा हात बटणावरच राहिला. चादर अजून डोंगरावर होती. ती हसऱ्या चेहऱ्यानं त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

“गेला ना?” तो म्हणाला.

त्यानं आवाज न करता चादर काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली. टेबलाला त्यानं कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. आज त्यानंच तिचा हात धरून रुळांवरून, फलाटावरून वर डोंगरापर्यंत नेला. वाटेत दिव्याचा एक खांब मोडला. काय पडलं, तिनं विचारलं. काही नाही, तो म्हणाला.

तिची बोटं एका घरावर थांबली, मग शेजारच्या घरावर. तिनं ती पुन्हा पुन्हा चाचपली.

“ही फारच बारकी झालीत हो. चुकली का?”

“लांबची आहेत ती.”

“हो,” ती म्हणाली. “लांबची, नाही का.” आणि तिनं हात काढून घेतला.