जाळीच्या मागे

डेलमरने गाडीच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यात सोडला आणि शेगडीची आच वाढवली. पाणी सळसळायला लागले तशी त्यातली पितळी चकती हळूच उघडली. अगदी हवी तेव्हा.

“चांगला आहे हा,” तो म्हणाला, पण सांगितले असे, की जणू वाईट बातमीच देतोय.

“मग तोंड का पाडलंस?” लव्हॉन म्हणाली.

“हा बिघडलेला असता तर दहा मिनिटांत नवा घातला असता. आता दोष कुठे आहे ते शोधत बसायचं.”

लव्हॉन फेटिग गॅरेजच्या दाराशी उलट्या बादलीवर बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. समोर तिच्या नवऱ्याचा, एल्डनचा, फिकट हिरवा पिकअप तोंड उघडून उभा होता. पन्नास वर्षांची गाडी. जून लागल्यापासून ती तीनदा तापली होती. तिसऱ्यांदा तर पार वाफ निघाली आणि शेजाऱ्याने लव्हॉनला घरी सोडले. त्याने तेवढ्यावर न थांबता फार्गोला तिच्या मुलीला, शेरिलला, फोनही केला. शेजारी कुठलाही असो, त्याच्या पोटात काही राहत नाही.

“शेरिल रविवारी येतेय,” लव्हॉन म्हणाली. “गाडी धड झाली असेल तर मी राहणार. नाहीतर घराला कुलूप, आणि तिच्या चौथ्या मजल्यावर मी. लिफ्ट आहे म्हणे. मोठं कौतुक.”

“ती काळजीनेच म्हणते गं.”

“काळजीने म्हणते म्हणूनच भांडता येत नाही ना.”

डेलमरने थर्मोस्टॅट पातेल्यातून बाहेर काढला. गाव तिच्या घरापासून बावीस मैलांवर. गाडीशिवाय तिथे राहणे कोणालाच जमले नसते, आणि या वयात नवी गाडी शिकायची तिची तयारी नव्हती. म्हणजे सगळे आता त्याच्या हातात होते. सकाळपासून त्या हातांनी रेडिएटरचे झाकण बदलले, पट्टा ताणून पाहिला, एकेक नळी दाबून पाहिली, पाण्याचा पंप हलवून पाहिला. सगळे ठणठणीत. एल्डनची गाडी दुसरी कशी असणार?

एल्डन वेळेचा इतका पक्का होता, की गावात लोक घड्याळ लावायला त्याच्याकडे बघत. तेल बदलायचा दिवस ठरलेला, टायर फिरवायचा दिवस ठरलेला. डेलमर त्याला चिडवायचा, “तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर मी उपाशी मरेन.” एल्डन वर्षाकाठी एकदा यायचा, तोही कॉफी प्यायला.

“आठवतं का रे,” लव्हॉन म्हणाली, “शनिवारी नाचाला जायचो आपण? तिघं एका बाकावर. मी मध्ये, आणि गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांत.”

“आणि एल्डन गायचा.”

“त्याला तू गाणं म्हणतोस?”

“कुत्री पळायची, एवढं नक्की.”

दोघे हसले. मग डेलमरने हात पुसले. सकाळपासून तो एक तपासणी टाळत आला होता, आणि आता टाळायला काही उरले नव्हते. त्याने थर्मोस्टॅट परत बसवला, पाणी भरले, झाकण उघडेच ठेवून इंजिन चालू केले आणि रेडिएटरच्या तोंडावर वाकला. पाण्यात बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट गेले. म्हणजे इंजिन खोलणे आले, आणि या वयाच्या गाडीचे इंजिन कोणी खोलत नाही. तिला भंगारात देतात.

लव्हॉनला हे ठाऊक होते. ती बादलीवरून उठून उभी राहिली.

डेलमर पाच मिनिटे वाकून होता. पाणी शांत होते. एकही बुडबुडा नाही.

“नाही गेलं,” तो म्हणाला, आणि सरळ उभा राहिला. पण आनंद फार टिकला नाही. सगळे चांगले आहे, तर गाडी तापते कशाने? चाळीस वर्षे हा धंदा केला आणि एल्डनच्या गाडीने हात टेकायला लावले. त्याने इंजिन बंद केले, थर्मासमधून कॉफी ओतली आणि गाडीच्या पुढ्यात खाली फरशीवरच बसला.

समोरची जाळी किड्यांनी भरली होती. हायवेवर या दिवसांत व्हायचेच ते. बसल्या बसल्या त्याने एक वाळका टोळ नखाने खरवडला. टोळाबरोबर बोट आत गेले. रेडिएटर गरम, कडक लागायला हवा होता. बोटाला मऊ लागले.

त्याने कप खाली ठेवला. वरून हात घालून, चाचपत, त्याने ते ओढून काढले. धुळीने आणि किड्यांनी काळा पडलेला पुठ्ठा. नीट मापाने कापलेला, कोपरे गोल केलेले, मधोमध बशीएवढे भोक. थंडीत रेडिएटरपुढे असा पुठ्ठा घातला नाही, तर इथे इंजिन गरमच होत नाही. आणि उन्हाळ्यात काढला नाही, तर इंजिनाला वारा लागत नाही. शाळेतल्या पोरालाही हे कळते. दरवर्षी एक-दोन गाड्या मे महिन्यात उकळत त्याच्याकडे येत, आणि तो मालकाशी एक शब्द न बोलता आधी जाळीमागे हात घालत असे.

“मी बघितलंच नाही इथे,” तो म्हणाला. “डोक्यातच आलं नाही. वसंतात चंडोल पहिल्यांदा तारेवर गायला, की न्याहारीच्या आधी एल्डन पुठ्ठा काढणार. चाळीस वर्षं कधी चुकला नाही. एल्डनच्या गाडीत जूनमध्ये पुठ्ठा? एल्डन विसरणं शक्यच...”

तो थांबला. फेब्रुवारीत एल्डनची शवपेटी उचलणाऱ्या सहा जणांत तो स्वतः होता.

लव्हॉनला नवल वाटलेले दिसत नव्हते. ती पुठ्ठ्याकडे न बघता पर्सची कडी उघडझाप करत होती.

“तुला माहीत होतं?” डेलमरने विचारले.

“पहिल्यांदा तापली तेव्हाच कळलं. मी काय काल आले का इथे?”

“मग काढला का नाहीस? इंजिन बसलं असतं, लव्हॉन! घर गेलं असतं हातचं!”

“दोनदा गेले होते काढायला. हात घातला आत.” तिने पर्सची कडी मिटली. “त्याचे बूट, कोट, दाढीचं सामान, सगळं शेरिलने एका दुपारी आवरलं. चांगल्या मनानेच. एवढं एक राहिलं होतं, त्याने ठेवलं तिथे ठेवलेलं. माझ्याच्याने नाही झालं. म्हटलं, डेलमरकडे न्यावी. तो पहिला हात तिथेच घालणार, काढून कोपऱ्यात टाकणार, मला बघावंही लागणार नाही.” मग तिचा आवाज चढला. “आणि तू काय केलंस? तीन तास गाडीची आतडी बाहेर काढलीस! म्हणे कारागीर. काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“सांगायचंस तरी!”

“सांगता आलं असतं तर काढता नसता आला?”

डेलमरला हसू आले, आणि हसता हसताच त्याचे डोळे भरून वाहू लागले. त्याने ते तेलकट बाहीला पुसले, आणि गालभर काळा पट्टा ओढला गेला. लव्हॉनने पर्समधून रुमाल काढून दिला.

दोघांनी गाडी धान्याच्या कोठारापर्यंत पळवून आणली. भर दुपारचे ऊन, खिडक्या खाली, आणि तापमानाचा काटा मध्यावरून तसूभर हलला नाही. गॅरेजशी परतल्यावर डेलमर खाली उतरला आणि ती स्टिअरिंगमागे सरकली.

“शेरिलला काय सांगू?” त्याने विचारले.

“सांग, गाडी ठणठणीत आहे. आणि आईही.”

डेलमरने पुठ्ठा फडक्याने पुसला होता. कचऱ्याचा डबा हाताशीच होता, पण त्याने तो डब्यात न टाकता खिडकीतून तिच्यापुढे धरला. तिने आता पुठ्ठ्याकडे नीट पाहिले, भोकाच्या कडेवरून एकदा बोट फिरवले, आणि सीटच्या मागे उभा सरकवून ठेवला. उन्हाळ्यात एल्डन तो तिथेच ठेवत असे.

“ऑक्टोबरात येईन मी घालायला,” डेलमर म्हणाला.

“घालीन मी.” तिने किल्ली फिरवली. “काढायला ये तू. चंडोल गायला की.”