बोथट कात्री

अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, सख्खा दीरही. वहिनींच्या पार्लरमधली मागे झुकणारी खुर्ची क्रेडिट कार्डावर आली होती आणि तिच्यावर गिऱ्हाइकांपेक्षा व्याजच जास्त ऐसपैस बसलं होतं. शेवटी वहिनींनी दुसऱ्या बँकेचं कार्ड काढलं. त्या बँकेने थोडी फी घेऊन जुन्या कार्डाची थकबाकी आपल्याकडे ओढून घेतली. वर्षभर व्याज नाही.

"म्हणजे ह्याची टोपी त्याला," दीर म्हणाला.

"टोपी तीच, भावजी. पण त्या डोक्यावर भाडं पडत होतं."

दिराचा डोळा पार्लरच्या दर्शनी भागावर होता. तिथे त्याला मोबाइलचं दुकान थाटायचं होतं. वर्षात कर्ज फिटलं नाही तर तो भाग त्याचा, असं सासऱ्यांसमोर ठरलं. सासरे मान डोलावतात, म्हणजे कायदाच झाला.

वहिनींनी त्याच दिवशी जुनं कार्ड सगळ्यात महागड्या कात्रीने कापलं. डोक्याला रंग थापून बसलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कात्री बोथट झाली आणि पुढच्या महिन्यात त्या मेलेल्या कार्डाचं बिल आलं. थकबाकी हलवेपर्यंतचं व्याज मागे राहिलं होतं.

"भूत झालं वाटतं कार्डाचं!" दिराने दारातूनच विचारपूस केली.

वहिनींनी ते भरलं, बँकेला फोन लावून खातं रीतसर बंद करवलं आणि नव्या कार्डावर वर्षभरात साधी केसांची पिनसुद्धा घेतली नाही. दर महिन्याला हप्ता आधी, घरखर्च मागाहून. नवऱ्याने त्या वर्षी नव्या चपला मागितल्या नाहीत. संसारात याला प्रेम म्हणतात.

सवलत संपायच्या आत शेवटचा हप्ता गेला. वहिनी त्या खुर्चीत पहिल्यांदाच स्वतः बसल्या आणि आरशात बघून म्हणाल्या, "बस गं, तुझीच आहे."

तेवढ्यात दीर आला. बराच वेळ भिंतीवरच्या केशरचना अभ्यासून त्याने खिशातून कार्डं काढली. पत्त्यांचा डाव मांडावा इतकी होती.

"वहिनी, ते टोपीचं जरा समजावून सांगता?"

वहिनी उठल्या, त्याला खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मागे झुकवली.

"सांगते की. आणि जाताना ती बोथट कात्री घेऊन जा. पण आधी फोन, भावजी. कात्री नंतर."