सकाळी सहा ते सात

“सरासरी बारा मिनिटं? उत्तम की!” साहेबांनी कागद परत सरकवला. “सकाळी दुसरं यंत्र बंद असतं, ते बंदच राहू दे. तेवढीच माणसं दुसरीकडे लावता येतील.”

आकडेताई जागच्या हलल्या नाहीत. सुरक्षा तपासणीच्या रांगेत प्रवाशाला किती वेळ लागेल, याचं गणित मांडण्यात त्यांची सव्वीस वर्षं या विमानतळावर गेली होती.

“साहेब, दुपारी रांगेत चिटपाखरू नसतं, म्हणून सरासरी खाली येते. सकाळी सहा ते सात माणूस पाऊण तास उभा असतो.”

“सिद्ध करा. सोमवारपर्यंत.”

दुसऱ्या दिवसापासून ताई पहाटेच कामावर. रांगेच्या शेपटाशी प्रत्येकाला वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायची, यंत्रापाशी ती परत घेऊन पुन्हा वेळ टाकायची.

“निवृत्तीला महिना राहिला, गुडघा धड नाही,” नवरा करवादला. “कशाला हा आटापिटा?”

“काम अर्धं टाकून घरी बसले, तर तुमचंच डोकं खाईन!”

चौथ्या दिवशी एका प्रवाशाने चिठ्ठी हातात कोंबली आणि तो धावत सुटला. सत्तावन्न मिनिटं. थोड्या वेळाने तो परत आला तो पाय ओढतच. विमानाचं दार बंद झालं होतं.

“वडील अत्यवस्थ आहेत हो,” तो एवढंच म्हणाला.

ताईंनी त्याला पाणी दिलं, तिकीट-खिडकीपाशी भांडून पुढच्या विमानात जागा मिळवून दिली. पण तो निघण्याआधीच त्याला घरून फोन आला. तो बाकावर मटकन बसला. ताई शेजारी बसून राहिल्या.

सोमवारी त्यांनी साहेबांच्या टेबलावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे मांडले. सकाळचा गठ्ठा सगळ्यांत जाड. एक चिठ्ठी मात्र वेगळी ठेवली.

“ही का बाजूला?”

ताईंनी सांगितलं. आवाज चढवला नाही, की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

साहेबांनी चिठ्ठी उलटसुलट केली. मग म्हणाले, “उद्यापासून सकाळीही दोन्ही यंत्रं चालू राहतील. तसा आदेश काढतो.”

नोकरीच्या शेवटच्या सकाळी, सव्वासहाला, ताई रिकाम्या हातांनी रांगेत उभ्या राहिल्या.

“शी! किती वेळ लावतात हे लोक!” पुढची मुलगी वैतागली.

ताईंनी घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं झाली होती.

“हो ना,” त्या म्हणाल्या आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकल्या.