नॉब्लाच्या घरातलं लोणी

मॅलकीने अंगठा चाटला आणि नॉब्लाने दाराला कडी घातली.

"थुंक."

"गिळलं, मावशी."

"मग बस इथेच. आज मे महिन्याचा पहिला दिवस. या घरातलं लोणी आज बाहेर जायचं नाही. भांड्यातून नाही, नि तुझ्या पोटातूनही नाही."

मॅलकी नुसता टाय बांधून घ्यायला आला होता. नॉब्ला लोणी काढत होती, आणि घुसळण चालू असताना आत आलेल्याने रवीला हात लावायचा, हे टेकडीवरच्या मेंढरांनाही ठाऊक. त्याने लावला. अंगठ्यावर एक थेंब उडाला, पिवळाजर्द, गवताच्या वासाचा. पुढचं अंगठ्यानेच केलं.

"मावशी, सोर्खा दुपारच्या बसने चाललीय. बॉस्टनला. कायमची!"

"मग वर्षभर काय करत होतास?"

वर्षभर तो एक वाक्य तोंडात घोळवत होता. विहिरीवर, चर्चच्या पायरीवर, मेंढरांच्या बाजारात. घोळून घोळून ते पार गुळगुळीत झालं होतं, आणि नेमक्या वेळी घशात निसटून जायचं.

"गेल्या वर्षी याच दिवशी मी एकाला पाइपापुरता निखारा दिला," नॉब्ला म्हणाली. "निखाऱ्याबरोबर दुधाची बरकतही गेली, गाय वर्षभर निळसर पाणी देत राहिली. पुन्हा नाही." आणि रवीच्या तालावर गुणगुणू लागली:

कुंपणाच्या काट्याला गं फूल पांढरं आलं,
गाईच्या डोळ्यामधी रान हिरवं झालं.

इतक्यात अर्ध्या दाराच्या खालच्या फळीवर टकटक झाली.

बाहेर गुडघ्याएवढा माणूस उभा होता, पाठीवर कपाट. भल्या मंडळींपैकी, म्हणजे टेकडीच्या पोटात राहणाऱ्या जादूच्या लोकांपैकी; आज त्यांचं बिऱ्हाड हलायचा दिवस. उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरलेली पाहून तो दोन पावलं मागे सरला; ती ओलांडणं त्यांच्यातल्या कुणालाच जमत नाही.

"बाई, जरा विस्तव द्या. नव्या घरची चूल थंड, बायको गरम."

"आज नाही, दादा."

"मीठ?"

"नाही."

"घोटभर पाणी?"

"उद्या या. उद्या बादलीभर देते."

"उद्यापर्यंत बायको मला ठेवेल का?"

मॅलकी अर्ध्या दारावरून बाहेर ओणवला. "दादा, तुम्ही बसच्या रस्त्यानेच जाणार ना? सोर्खाला एवढं सांगा..."

"सांगणं आम्हाला जमत नाही," तो माणूस म्हणाला. "आणणं जमतं. पण आधी पाइप पेटला पाहिजे."

नॉब्लाने रवी थांबवली. बराच विचार केला. "आत बसून ओढा. विस्तव घरातच राहील."

"आणि धूर?"

"धूर रोजच जातो. त्याच्यावाचून गाईचं काही अडत नाही."

"मग उंबरा मोकळा करून ठेवा," म्हणून तो कपाटासकट उतारावरून पळाला. खाली बस उभीच होती. ड्रायव्हर बॉनेट उघडून इंजिनाला शिव्या घालत होता. पुढ्यातच भल्या मंडळींचे पलंग, पाळणे, घड्याळं नि एक लहानशी बकरी रस्ता ओलांडत होती, ती त्याला दिसायची नव्हती.

मॅलकीने कडी काढली आणि बुटाने फुलं बाजूला सारली. थोड्याच वेळात एक सुटकेस आपल्या पायांनी आल्यासारखी घरात शिरली. तिच्याखालून तो माणूस निघाला आणि थेट चुलीपाशी जाऊन बसला. मागोमाग लालबुंद सोर्खा.

"माझी बॅग पळाली!"

"आत आली ती आली," नॉब्ला म्हणाली. "आज बाहेर जायची नाही. तुला जायचं तर खुशाल जा, रिकाम्या हातांनी. पण आधी रवीला हात लाव."

सोर्खाने रागारागाने चार हात मारले आणि लोणी एकदम वर आलं. खालून बसचा हॉर्न वाजला. रस्ता मोकळा झाला होता.

"मॅलकी, तू तरी काही बोल. इथे काय करतोयस?"

"मी... लोणी खाल्लं."

"हे सांगायला टाय बांधलास?"

हॉर्न पुन्हा वाजला. मॅलकीने ते गुळगुळीत वाक्य तोंडभर शोधलं. एकच शब्द उरला होता.

"राहा," तो म्हणाला.

सोर्खाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या वाकड्या टायकडे पाहिलं. मग रवीच्या दांड्यावरून सावकाश अंगठा फिरवला आणि चाटला.

"मावशी," ती म्हणाली, "मीही गिळलं."

नॉब्ला उठली आणि तिने कडी घातली.

"लग्न मात्र जूनमध्ये करा," चुलीपाशी धुरामागून आवाज आला. "मे महिन्यातलं आमच्यातसुद्धा टिकत नाही. माझंच बघा ना."