चोवीस दात्यांचं चक्र

निजामाच्या अमलातली गोष्ट. बीडच्या एका कचेरीचं टपाल तेव्हा पायी जायचं. धुळाजी ते बीडहून पालीपर्यंत न्यायचा. पालीत त्याचा मेहुणा गहिनीनाथ वाट बघत उभा असायचा. तो थैली खांद्याला लावून घाट चढायचा आणि वर मांजरसुंब्याच्या चौकीवर देऊन यायचा. पुढं कचेरीनं एक सायकल घेतली. ती सपाटीवरच्या धुळाजीला मिळाली, कारण घाटात सायकल चढत नाही हे सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

त्या वर्षी गहिनीनाथच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. पाय पिकला, घोट्यापर्यंत सुजला. धुळाजी पालीत पोचला तेव्हा गहिनीनाथ काठीच्या आधारानं उभा होता आणि तशाच पायानं निघायच्या तयारीत होता. नाही गेलो तर उद्या दुसरा माणूस लावतील, असं त्याचं म्हणणं. धुळाजीची थोरली बहीण बायनाबाई दारात उभी होती. ती भावाकडं बघत राहिली. धुळाजीनं थैली परत सायकलीला बांधली.

"दाजी, पाय बरा होईस्तवर मी नेतो वर. कुणाला सांगायचं न्हाई," तो म्हणाला.

घाटाच्या पहिल्या वळणावरच सायकल अडली. पायडलवर उभं राहून सगळं अंग टाकलं तरी चाक पुढं जाईना. मग तो उतरला आणि सायकल ढकलत ढकलत वर गेला. नुसता चालला असता तर लवकर पोचला असता. चौकीवर थैली कोण आणतो ते कुणी बघत नसे, नुसती वेळ लिहून घेत. चार दिवसांत तिथून तक्रार आली की टपाल उशिरा येतं, गहिनीनाथला ताकीद द्यावी.

धुळाजी खाजामियाँकडं गेला. बीडच्या पेठेत खाजामियाँ टांग्यांची चाकं आणि कुलपं दुरुस्त करायचा, आणि आता गावातल्या पाच-सात सायकलीही त्याच्याकडं येत. त्यानं धुळाजीची सायकल उलटी उभी केली, पायडल हातानं हळूहळू फिरवलं आणि मागच्या चाकाला खडूनं खूण करून मोजलं.

"पुढं अट्ठेचाळीस दाते, मागं सोळा. तू एक फेरा मारतो, मागचं चाक तीन घेतं. सपाटीला लई झ्याक. पन चढाला त्ये तीनी फेरे तुज्या मांडीवर येतेत. मागचं चक्र मोठं पायजे."

तसं चक्र बीडात मिळत नव्हतं. खाजामियाँनं जाड लोखंडी पत्र्यातून ते कानशीनं घासून काढलं. आधी वीस दात्यांचं केलं. ते लावून धुळाजी घाटाला भिडला. अर्धा घाट चढला आणि खड्या वळणावर पुन्हा उतरला. गहिनीनाथ तेव्हा काठी टेकत घाटाच्या पायथ्यापर्यंत आला होता. बारा वर्षं तो घाट त्याच्या पायाखाली होता. कुठं आतल्या बाजूनं चढ खडा आहे, कुठं बाहेरच्या कडेनं थोडा सोपा पडतो, ते त्यानं धुळाजीला नीट समजावून सांगितलं. खड्या वळणावर सरळ जाऊ नको, नागमोडी जा, असंही त्यानंच सांगितलं.

खाजामियाँनं मग चोवीस दात्यांचं चक्र केलं आणि साखळीला चार कड्या वाढवल्या. आता पायडलच्या एका फेऱ्याला मागचं चाक दोनच फेरे घ्यायचं. सपाटीवर पाय भिरीभिरी फिरायचे आणि सायकल आधीपेक्षा हळू जायची. पण घाटात ती थांबली नाही. गहिनीनाथनं सांगितल्याप्रमाणं धुळाजी बाहेरची कडा धरून, नागमोडी घेत, एकदाही पाय न टेकता वर आला. चौकीजवळ उतरला तेव्हा त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

पंधरा दिवस टपाल वेळेच्या आधी पोचत राहिलं. पालीत थांबणं नाही, थैली देणंघेणं नाही. गहिनीनाथच्या पायाची सूज उतरली. दोन दिवसांत तो कामावर येणार होता. तेवढ्यात कचेरीच्या पेशकारानं, तिथल्या मोठ्या कारकुनानं, धुळाजीला बोलावलं.

पेशकार शांत माणूस होता. त्यानं पान बाजूला ठेवलं आणि विचारलं, की हल्ली टपाल इतकं लवकर कसं पोचतं, घाट कोण चढतो. धुळाजीला गहिनीनाथचं नाव सांगता आलं असतं. ठरलंही तसंच होतं. पण आजवर त्या खोलीत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी चढतो, साहेब. सायकलीवर. न उतरता," तो म्हणाला.

पेशकारानं उठून बाहेर येऊन सायकल पाहिली. चक्रावरून बोट फिरवलं, ते कुणी केलं ते विचारलं आणि शाबासकी दिली. तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला. बीड ते मांजरसुंबा टपाल एकटा धुळाजी नेईल. पालीचा हलकारा, म्हणजे गहिनीनाथ, कामावरून कमी.

ते सांगायला धुळाजीच गेला. गहिनीनाथ वहाणेला नवा अंगठा लावत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"त्यानं इचारलं तवा तू माझं नाव कावून न्हाई घेतलंस?" त्यानं विचारलं.

तोंडून निघून गेलं, असं काहीतरी धुळाजी पुटपुटला.

"निघून न्हाई गेलं," बायनाबाई आतून म्हणाली. "तुला सांगायचंच हुतं."

दुसऱ्या दिवशी धुळाजीनं खाजामियाँला सोळा दात्यांचं जुनं चक्र परत बसवायला सांगितलं. टपालाला उशीर झाला की दाजींना बोलावतील, असा त्याचा हिशेब. खाजामियाँनं हातातली कानस खाली ठेवली नाही. त्याच्यासमोर तसल्याच चक्राचे दोन पत्रे पडले होते, एकावर दाते आखून झाले होते.

"पेशकारसाहेबानं सांगितलेत," तो धुळाजीकडं न बघता म्हणाला. "केजच्या रस्त्याला बी सायकली जानार हायेत. तू उशीर केला तर तुजा दाजी येनार न्हाई बे. दुसरा सायकलवाला येईल. बसवू का सोळाचं?"

धुळाजी सायकल घेऊन तसाच निघून गेला. थैली वाट बघत होती.

गहिनीनाथ काही दिवस गावात मिळेल ते काम करत राहिला. धुळाजी रोज पालीवरून जायचा. दार उघडं असायचं, पण कुणी बाहेर यायचं नाही. एके दिवशी दाराला कडी होती. शेजारच्या कडूबाईनं सांगितलं की सगळे दिंद्रुडला गेले, तिथं एका व्यापाऱ्याकडं हमालीचं काम लागलंय. जाऊन आठ दिवस झाले होते. धुळाजीला कुणी निरोप ठेवला नव्हता.

पुढच्या महिन्यात एक सुट्टी मागून तो दिंद्रुडला गेला. रस्ता बहुतेक सपाट होता. त्या चक्रावर त्याचे पाय दिवसभर फिरत राहिले आणि वाट सरता सरत नव्हती. पोचला तेव्हा दिवस कलला होता. गहिनीनाथ घरातच होता. खांद्यावर पोत्यांनी सोललेल्या जागी त्यानं हळद लावली होती. धुळाजीला पाहून तो उठला आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

बायनाबाईनं तांब्याभर पाणी दिलं. आईची तब्येत विचारली. धुळाजीनं सांगितलं. पालीच्या घराचं छप्पर शाकारून देतो, असंही तो म्हणाला. ती म्हणाली, आता कोण राहतंय तिथं.

धुळाजी थोडा वेळ बसला. चुलीवर भाकरी होत होत्या. जेवून जा, असं ती म्हणाली नाही. तो उठला, येतो अक्का म्हणाला, आणि उजेड होता तेवढ्यात बीडच्या वाटेला लागला.